कॅथलिक लग्नाची तयारी: कागद, कुमसार (पापकबुली) आणि बाकीचं (बेळगाव-खानापूर भाग)

लोंढा_जंक्शन
मुलगी खानापूर तालुक्यातल्या पॅरिशची (एका चर्चच्या हद्दीतली), मुलगा मडगावचा. दोघंही कॅथलिक. जानेवारीत लग्न काढायचं घरात चाललंय. हॉलवाला अॅडव्हान्स मागतोय, फादरना मात्र अजून कोणी भेटलेलं नाही. आधी काय करायचं, कागद कुठले, किती दिवस धरायचे? आणि कागदापलीकडे तयारी म्हणजे नेमकं काय, तेही कोणी नीट सांगा. "कोर्स केला, सर्टिफिकेट मिळालं, झालं" एवढंच सगळीकडे ऐकायला मिळतं.

फातिमा_कॅम्प
अॅडव्हान्स थांबवा. आधी फादर, मग तारीख, मग हॉल. हा क्रम उलटला की पुढचं सगळं घाईत होतं. त्याच दिवशी चर्चमध्ये दुसरं लग्न असतं, पॅरिशचं फेस्त (सण) असतं, नाहीतर फादर रिट्रीटला (प्रार्थना-शिबिराला) गेलेले असतात. सहा महिने आधी भेटलात तर उत्तम, तीन महिने म्हणजे शेवटचं टोक.

लग्न दोघांपैकी एकाच्या पॅरिशमध्ये होतं. कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे चर्चच्या कायद्याप्रमाणे, तिथे घर हवं किंवा निदान एक महिन्याचं वास्तव्य हवं. तिसऱ्याच चर्चमध्ये हवं असेल, म्हणजे घर खानापूरकडे आणि लग्न कॅम्पातल्या कॅथेड्रलमध्ये, तर आपल्या पॅरिश प्रीस्टची परवानगी लागते. दोन कॅथलिकांचं लग्न लॉनवर किंवा रिसॉर्टमध्ये लावायचं तर बिशपांची परवानगी हवी, आणि ती मिळेल असं गृहीत धरून पत्रिका छापू नका.

कागद असे: दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले, *सहा महिन्यांच्या आत काढलेले*. दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला. विवाहपूर्व कोर्सचं सर्टिफिकेट. दुसऱ्या पॅरिशच्या फादरांचं पत्र, की हा मुलगा लग्नाला मोकळा आहे आणि लग्नाची नावं चर्चमध्ये सगळ्यांपुढे वाचून झाली, कोणाची हरकत आली नाही. आधार, वयाचा पुरावा, फोटो, दोन साक्षीदारांची नावं-पत्ते. विधुर किंवा विधवा असेल तर आधीच्या लग्नाचा आणि मृत्यूचा, असे दोन्ही दाखले. नोकरीसाठी पुण्याला, बंगळूरला, दुबईला बरीच वर्षं राहिलेल्यांकडे तिथल्या पॅरिशचंही पत्र मागतात. सगळ्यात जास्त वेळ खातं ते हेच, कारण तिथे फक्त रविवारच्या मिस्साला (उपासनेला) जाणारा माणूस पॅरिशच्या वहीत कुठेच नसतो.

निपाणी_नाका
सहा महिन्यांच्या आतला दाखला कशाला वो? बाप्तिस्मा काय दरवर्षी बदलतोय? आमच्या पेटीत लहानपणीचा लॅमिनेट केलेला आहे की.

फातिमा_कॅम्प
बाप्तिस्मा बदलत नाही, त्याच्या शेजारचा शेरा बदलतो. कॅथलिक माणसाचं चर्चच्या विधीने लग्न कुठेही झालं तरी त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या मूळ वहीत, त्याच ओळीच्या कडेला करतात. नवा दाखला काढला की तो शेरा त्यावर उतरतो. शेऱ्यात लग्नाची नोंद नाही म्हणजे कागदावर तरी माणूस मोकळा. लॅमिनेट केलेला कागद एवढंच सांगतो की हा मुलगा एके काळी बाळ होता.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून तीन गोष्टी बघा: शेऱ्यात "लग्नासाठी" किंवा "नोंद नाही" असं काही लिहिलंय का, गोल शिक्का आहे का, आणि नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतं का. तिसऱ्यावर निम्मे लोक अडकतात. वहीत एक आडनाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर नुसतं वडिलांचं इनिशियल. चर्चची वही खोडून मिळत नाही. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं अॅफिडेव्हिट करायचं आणि फादरांकडे द्यायचं, तेही विवाहाच्या वहीत नाव चढण्याआधी. नंतर पासपोर्टला हेच नाव आडवं येतं.

मलप्रभाकाठ
वहीच सापडत नसेल तरी घाबरू नका. पावसाने, वाळवीने गेलेल्या वह्या आहेत. कॅनन ८७६ प्रमाणे एका विश्वासू साक्षीदाराचं निवेदन पुरतं. बाप्तिस्म्याला बाळासाठी उभी राहिलेली धर्ममाता जिवंत असेल तर तीच सगळ्यात सोपी साक्षीदार. मोठेपणी बाप्तिस्मा घेतलेल्याची स्वतःची शपथही चालते.

हल्याळ, जोयडा भागातल्यांनी लक्षात ठेवा, तुम्ही कारवार धर्मप्रांतात येता. सावंतवाडीकडचे सिंधुदुर्ग धर्मप्रांतात. धर्मप्रांत बदलला की कागद बहुतेक वेळा बिशप हाऊसच्या शिक्क्यातून जातात. त्याचे पंधरा दिवस वेगळे धरा.

चोर्ला_घाट
मडगावचा मुलगा आहे म्हणून गोव्याचं सांगतो. गोव्यात १८७२ चा इंडियन ख्रिश्चन मॅरेज अॅक्ट नाही, तिथे पोर्तुगीज काळापासूनची सिव्हिल नोंदणी. लग्न गोव्यातल्या चर्चमध्ये होणार असेल तर दोघांनी आधी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन निवेदन द्यायचं, नोटिशीचा काळ संपला की ना हरकत दाखला घ्यायचा आणि तो फादरांच्या हातात ठेवायचा. त्याशिवाय तिथले फादर तारीख पक्की करत नाहीत. बेळगावकडची मंडळी "चर्चमध्येच होतंय की" म्हणून शेवटच्या आठवड्यात पोचतात आणि अडकतात.

लग्न इकडे, कर्नाटकात होणार असेल तर १८७२ चा कायदा. फादर लग्न लावतात तेच कायद्यानेही लग्न. पण गोव्यात मुलाचं घर-जमीन असेल तर एक वेगळी गोष्ट: तिथे लग्नाआधी करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. वेगळी ठेवायची असेल तर करार *लग्नाआधी* नोटरीपुढे व्हायला लागतो, नंतर नाही. ते गोव्यातल्या वकिलाकडूनच समजून घ्या.

वडगावची_मावशी
तारखेचं. आगमनकाळात (नाताळाआधीचे आठवडे) आणि उपवासकाळात (ईस्टरआधीचे) लग्न होत नाही असं सगळे म्हणतात. चर्चची पक्की बंदी फक्त शुभ शुक्रवारी आणि पुण्य शनिवारी. बाकी दिवसांना मनाई नाही, पण पुष्कळ पॅरिशमध्ये या काळात लग्न न लावण्याची पद्धत आहे आणि लावलंच तर सजावट, बँड आवरता घ्यायला सांगतात. म्हणून आपल्याकडे २६ डिसेंबरपासून राखेच्या बुधवारपर्यंत, म्हणजे उपवासकाळ सुरू होईपर्यंत, एवढी गर्दी. जानेवारी म्हणताय तर ऑगस्टच्या आत फादरांच्या डायरीत नाव पाहिजे.

नावं तीन रविवारी किंवा सणाच्या दिवशी वाचतात, दोन्ही पॅरिशमध्ये. म्हणजे नुसत्या वाचनालाच तीन आठवडे गेले. अगदी अडचण असेल तर त्यातून सूट मिळते. हॉल हे कारण धरत नाहीत!

हिरण्यकेशी
एक प्रश्न, जो आपल्या भागात हमखास येतो. मामाची मुलगी केली तर चर्चमध्ये चालतं का? आसपास सगळ्या समाजांत सर्रास होतं.

मलप्रभाकाठ
परवानगीशिवाय नाही. कॅनन १०९१: आडव्या नात्यात चौथ्या पायरीपर्यंत लग्न होत नाही, म्हणजे लावलं तरी चर्चच्या लेखी ते लग्नच नाही. पायऱ्या मोजायची रीत सोपी. समाईक पूर्वज, म्हणजे इथे आजी-आजोबा, सोडून द्यायचे आणि मधली माणसं बोटांवर मोजायची. मुलगा, त्याची आई, आईचा भाऊ, त्याची मुलगी. चार. चौथी पायरी, आडकाठी आहे. बिशप सूट देऊ शकतात, पण कारण लागतं, आणि "शेतजमीन घरातच राहील" हे कारण फार पुढे जात नाही.

कानडी मुलखात मामा-भाची लग्नाचीही चाल आहे. तिथे मोजा: भाची, तिची आई, मामा. तीनच. कागदावर बिशपांना तीही सूट देता येते, प्रत्यक्षात मिळेल असं धरून चालू नका. सख्ख्या भाऊ-बहिणीच्या पायरीला तर कोणाकडूनच कधीच नाही.

आजोबा सांगतात "तिसऱ्या पिढीलासुद्धा परवानगी लागायची", ते त्यांच्या काळात खरं होतं. १९१७ च्या कायद्यात चुलत-चुलत भावंडांनाही आडकाठी होती. नवा कायदा २७ नोव्हेंबर १९८३ पासून लागू झाला आणि ती गेली. धर्मपिता-धर्ममातेच्या नात्याची अडचणही तेव्हाच गेली.

नातं लपवू नका एवढं नक्की. गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि नावं वाचतात ती याचसाठी.

तिसरं_गेट
मुलगा हिंदू, मुलगी कॅथलिक असेल तर? धर्म बदलायला लावतात का?

फातिमा_कॅम्प
नाही. लग्नासाठी धर्म बदलण्याची अट चर्च घालत नाही, आणि नुसत्या लग्नासाठी बाप्तिस्मा मागणाऱ्याकडे फादर जरा संशयानेच बघतात. मात्र बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी लग्न करायला बिशपांची सूट लागते, तिच्याशिवाय लग्न रद्दबातल. अर्ज पॅरिशमधूनच जातो. कॅथलिक बाजूने दोन गोष्टी लिहून द्यायच्या: आपली श्रद्धा सोडणार नाही, आणि मुलांचा बाप्तिस्मा व वळण कॅथलिक व्हावं म्हणून आपल्या परीने सगळं करीन. हिंदू बाजूने वचन द्यायचं नसतं, पण आपल्या जोडीदाराने काय वचन दिलंय ते तिला किंवा त्याला माहीत असलं पाहिजे. इथेच गडबड होते. मुलगी सही करते, सासरी कोणाला पत्ता नसतो, आणि पहिल्या बाळाच्या बारशाला सगळं बाहेर येतं. दोन्ही घरच्यांना एकदा फादरांसमोर बसवा.

मेथडिस्ट किंवा इतर प्रोटेस्टंट असेल तर तो बाप्तिस्मा झालेला ख्रिस्ती, म्हणून फक्त परवानगी लागते. पण त्यांच्या चर्चमध्ये त्यांच्या पाळकाकडून लग्न लावायचं असेल तर विधीची सूट वेगळी घ्यायला लागते. काही नव्या मंडळ्यांत "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या" नावाने बाप्तिस्मा देत नाहीत. तसं असेल तर तो धरत नाहीत आणि प्रकरण पुन्हा पहिल्या प्रकारात जातं. त्यांच्याकडून कुठल्या शब्दांत बाप्तिस्मा दिला हे लेखी आणा.

गणेशपूर_रोड
यात कायद्याचं जोडतो. "देवळात लावू, हिंदू मॅरेज अॅक्टखाली नोंदवू" असं सुचवणारे एजंट पुष्कळ आहेत. तो कायदा दोघंही हिंदू असतील तरच. ख्रिस्ती-हिंदू लग्न त्याखाली टिकत नाही, सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये तसं सांगितलंय. चर्चमध्ये १८७२ च्या कायद्याने लग्न होतं, एक बाजू ख्रिस्ती असली तरी. नाहीतर १९५४ चा स्पेशल मॅरेज अॅक्ट: ३० दिवसांची नोटीस, आणि दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात नोटिशीआधी ३० दिवस वास्तव्य.

घटस्फोटितांसाठी: कोर्टाचा घटस्फोट चर्चला पुरत नाही आणि चर्चच्या ट्रायब्युनलचा (चर्चचं न्यायालय, आधीचं लग्न मुळात वैध होतं का ते ठरवणारं) निकाल कोर्टाला पुरत नाही. दोन्ही हवेत. २०१५ पासून ट्रायब्युनलचा एकच निकाल पुरतो, दुसऱ्या ट्रायब्युनलची मोहोर लागत नाही, तरी ते काम महिन्यांचं असतं. नवीन मुलगी बघायच्या *आधी* तिकडे जा.

तिसरं_गेट
आणि सकाळी चर्च, संध्याकाळी सासरी सप्तपदी?

फातिमा_कॅम्प
एकाच लग्नाची संमती दोनदा, दोन धर्मांच्या विधीत देणं कॅननमध्ये (११२७) स्पष्ट मना आहे. हळद, आहेर, जेवण, घरप्रवेश यांना कोणी अडवत नाही. मंगळसूत्र चर्चमध्येच अंगठ्यांबरोबर आशीर्वादित करून घालता येतं, फादरना आधी सांगा म्हणजे ते विधीत कुठे बसतं ते ठरवतील. सासरच्यांची निम्मी तक्रार तिथेच मिटते.

वडगावची_मावशी
धागा सगळा कागदांचाच झाला. प्रश्नातला दुसरा भाग कोणी घेतलाच नाही, तर मी घेते.

फादर दोघांना वेगवेगळं बसवून चौकशी करतात. शपथेवर, आणि उत्तरांखाली सही. कोणी जबरदस्ती केली का, लग्न आयुष्यभराचं मानता का, एकनिष्ठ राहणार का, मुलं हवीत का, काही अट घातली आहे का, जोडीदारापासून काही लपवलंय का. पुष्कळ मुलं-मुली सगळ्याला "हो फादर, नाही फादर" करून दहा मिनिटांत बाहेर येतात. हेच प्रश्न दोघांनी आधी एकमेकांना विचारले पाहिजेत, तेही घरच्यांशिवाय. "बघू, नाही जमलं तर वेगळे होऊ" असं मनात ठरवून दिलेली संमती म्हणजे संमतीच नाही. "परदेशी नोकरी लागली तरच" अशी पुढची अट घातली तर लग्न रद्दबातल होतं.

पैशांचं कर्ज, घरच्यांची देणी, जुना आजार, मानसिक उपचार, दारू. हे साखरपुड्याआधी बोलायचं. मूल होऊ शकत नाही म्हणून लग्न अडत नाही, पण ते माहीत असून लपवलं तर पुढे तेच लग्न ट्रायब्युनलपुढे जातं.

कुमसार. आपल्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, रोसचा (अंगाला नारळाचा रस लावायच्या विधीचा) नारळ अंगावरून उतरतो न उतरतो तोच दोघांना चर्चमध्ये पळवतात. फादर थकलेले, बाहेर डीजे. असं नको. नावं वाचायला लागतात त्याच सुमारास एकदा नीट, वेळ घेऊन कुमसार करा. जमल्यास आपल्या पॅरिशबाहेरच्या फादरांकडे, म्हणजे संकोच वाटत नाही. मग लग्नाच्या आठवड्यात दुसरं, छोटं. आधीपासून एकत्र राहत असाल तर तेही फादरांना सांगा. त्यावरून लग्न नाकारत नाहीत, पण तोपर्यंतचे महिने कसे काढायचे यावर ते बोलतील आणि ते ऐकण्यासारखं असतं.

दृढीकरण राहिलं असेल तर घाई करा, बिशप पॅरिशला रोज येत नाहीत. फार अडचण असेल तर त्यावाचून लग्न अडत नाही, तेवढी सवलत कायद्यातच आहे.

आणि प्रार्थना. तासभर रोझरीचा (जपमाळेचा) संकल्प सोडून द्या, चार दिवस टिकतो. रविवारचं शुभवर्तमान शनिवारी रात्री फोनवर दोघांनी वाचायचं आणि पाच मिनिटं बोलायचं. मडगाव-खानापूर अंतराला हे जमतं.

घटप्रभेकडची
कोर्समध्ये नैसर्गिक कुटुंबनियोजन अर्ध्या तासात उरकतात, त्यावर लिहिते. चर्च गर्भनिरोधकं मान्य करत नाही, पण सुपीक दिवस ओळखून संयम ठेवणं मान्य करतं. हे शिकणं लग्नानंतरवर ढकलू नका, निदान तीन पाळ्यांचा तक्ता आधी भरलेला हवा.

बिलिंग्ज पद्धत स्रावावर चालते. पाळीनंतर कोरडे दिवस, मग चिकट, मग पातळ, पारदर्शक, निसरडा. निसरडेपणाचा *शेवटचा* दिवस तो पीक, म्हणजे शिखराचा दिवस. तो दुसऱ्या दिवशी बदल दिसल्यावरच कळतो. पीकनंतर तीन दिवस सुपीक धरायचे, चौथ्यापासून मोकळे. तापमानही घेत असाल तर सकाळी उठण्याआधी, रोज एकाच वेळी. पीकच्या आसपास ते साधारण ०.२ अंश सेल्सिअस किंवा जास्त वर जातं आणि तिथेच राहतं. तीन दिवस वर राहिलं की खूण पक्की.

चुकतं कुठे: रात्रपाळी, ताप, जागरण यांनी तापमान फसवं होतं. लग्नाच्या धावपळीत पाळी पुढे जाते, आणि "अठ्ठावीस दिवसांचं चक्र, चौदावा दिवस" असा हिशोब करणाऱ्या नेमक्या तिथे फसतात. कॅलेंडरवर विसंबू नका. पाळी अनियमित असेल तर आधी डॉक्टरना दाखवा. आणि तक्ता नवऱ्यालाही वाचता आला पाहिजे, संयम दोघांनी ठेवायचाय.

निपाणी_नाका
रोसवर एवढा राग का मावशी? रोस, चुडा, हळद हे आपलंच आहे.

वडगावची_मावशी
रोसवर नाही रे बाबा, रात्री दोनपर्यंत चालणाऱ्या बाटल्यांवर. रोस दोन दिवस आधी करा, नऊच्या आत आटपा. दुसऱ्या दिवशी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा असतो, त्याआधी एक तास उपास असतो, आणि नवरा वेदीपुढे डुलत असेल तर फादर संमती घ्यायची की नाही या विचारात पडतात.

मलप्रभाकाठ
विधीबद्दल दोन-तीन गोष्टी, ज्या ऐनवेळी फसतात.

नात्यातले फादर लग्न लावणार असतील तर त्यांना त्या पॅरिशच्या फादरांकडून, त्यांच्या नावाने, त्या लग्नासाठी अधिकार मिळाला पाहिजे. "काका फादर आहेत, विचारायचं काय" असं म्हणून तो राहून गेला तर लग्न वैध होत नाही. लेखी घ्या आणि कागदांत लावा.

लॅटिन पंथात संस्कार एकमेकांना देतात ते वधू-वरच, फादर चर्चच्या वतीने संमती विचारतात आणि स्वीकारतात. म्हणून संमतीचे शब्द मोठ्याने, ऐकू येतील असे. एक बाजू कोकणी, दुसरी कानडी असेल तर प्रत्येकाने आपल्या भाषेत म्हटलं तरी चालतं, फक्त फादर आणि साक्षीदारांना कळलं पाहिजे. वाचनांपैकी निदान एक तरी थेट विवाहाबद्दलचं हवं. उत्पत्ती २, एफेसकरांस ५, योहान २ ही नेहमीची. १ करिंथकरांस १३ सगळ्यांना हवं असतं, पण ते प्रेमाबद्दल आहे, त्यामुळे जोडीला दुसरं घ्या. फिल्मी गाणी हॉलसाठी ठेवा.

वेळ: १८७२ च्या कायद्यात सकाळी ६ ते संध्याकाळी ७. कॅथलिक फादरांना बिशपांच्या परवान्याने त्याबाहेरही लावता येतं, पण साडेपाचची वेळ ठेवून वधू पावणेसातला आली तर फादरना उगाच त्या परवान्याच्या भानगडीत ढकलता.

लोंढा_जंक्शन
सगळ्यांचे आभार, खूपच कळलं. एक शेवटचं. लग्न खानापूरकडे झालं तर मडगावच्या बाप्तिस्म्याच्या वहीत शेरा कोण चढवतं? आपण काही करायचं का?

फातिमा_कॅम्प
लग्न लावणाऱ्या पॅरिशने कळवायचं असतं, दोघांच्या बाप्तिस्म्याच्या पॅरिशना. पण टपाल हरवतं, फादर बदलून जातात. दोन-तीन महिन्यांनी मुलाने मडगावहून नवा दाखला काढून बघायचा. शेऱ्यात लग्नाची तारीख, ठिकाण आणि मुलीचं नाव नसेल तर विवाहाच्या दाखल्याची प्रत घेऊन तिथल्या ऑफिसात जायचं, समोर लिहून घ्यायचं. त्याच फेरीत मुलीच्या नावाचं स्पेलिंगही बघा, गोव्यात आडनाव ते त्यांच्या पद्धतीने लिहितात.

आणि चर्चचा दाखला कितीही खरा असला तरी उपनोंदणी कार्यालयातली नोंदणीही करून टाका. कर्नाटकात त्यासाठी १९७६ चा कायदा आहे. साक्षीदार त्याच आठवड्यात गाठा, नंतर एक दुबईला असतो आणि दुसरा फोन उचलत नाही.